साक्ष आणि पारख

आमच्या कमलनगरच्या मंडळीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासना आटोपल्यावर थोडा वेळ साक्षीसाठी राखून ठेवलेला असतो. कोणाचा मुलगा परीक्षेत उतरला, कोणाची हरवलेली म्हैस सापडली, कोणाचे जुने दुखणे हटले, असे ज्याचे त्याने उभे राहून सांगावे व सर्वांनी मिळून देवाचे उपकार मानावेत, अशी वाडवडिलांपासून चालत आलेली रीत आहे. अशाच एका रविवारी मी स्वतः जी साक्ष दिली तिच्याविषयी हे लिहीत आहे. ती साक्ष खोटी नव्हती. पण ती खरी होती असेही मला आता म्हणवत नाही. या दोहोंच्या मधली ही जागा कोणती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून बसला आहे. शब्बाथशाळेत मुलांना शिकवणाऱ्या बंधुभगिनींनाही तो विचार करण्यासारखा वाटेल, म्हणून येथे मांडतो.

हकीकत अशी. आमच्या मंडळीत एक वयस्क शिक्षिका आहेत. लहानथोर सर्व त्यांना अक्काच म्हणतात. एके दिवशी संध्याकाळी भाकरी थापता थापता त्यांच्या छातीत एकाएकी धडधडू लागले. मला बोलावणे आले. मी नाडी पाहिली, तर ती मोजताच येईना. दोन ठोके घाईने, एक पुसट, मग क्षणभर काहीच नाही, आणि पुन्हा धावपळ. रात्रीच जीप करून त्यांना शेजारच्या शहरात नेले. तेथील तरुण डॉक्टरांनी ई.सी.जी. काढला. ठोके मिनिटाला एकशेसाठ, आणि त्यांना ताल म्हणून नाही. नेहमीचे औषध शिरेतून दिले. तासाभराने फारसा फरक दिसेना. तेव्हा डॉक्टर परिचारिकेला म्हणाले, "मॅगसल्फ आहे ना आपल्याकडे? देऊन पाहू."

लहानशी बाटली लावली गेली. आम्ही तिघे बाहेर व्हरांड्यात गुडघे टेकून होतो. पहाटे नाडी सरळ झाली होती.

त्या महिन्याच्या साक्षीच्या वेळी मी उभा राहिलो. आम्ही प्रार्थना केली व देवाने ऐकले, हे सांगितले. एवढ्यावर बसलो असतो तर बरे झाले असते. पण मी पुढे म्हणालो, "ज्या कोणाला अशी धडधड होईल त्याने ते मॅग्नेशियमचे सलाईन मागून घ्यावे, त्यानेच अक्का वाचल्या." हे वाक्य माझ्याकडे कोणी मागितले नव्हते.

पाच महिन्यांनी मंडळीतील एका वृद्ध बंधूंना तसाच त्रास झाला. सत्तरी उलटलेली, आणि मूत्रपिंडे आधीच अधू. त्यांना दुसऱ्या ठिकाणी नेले होते. तेथील डॉक्टरांनी ठोके मंद करणारी गोळी दिली, रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी दिली, आणि दुसरी कधीही चुकवू नका असे बजावले. मुलाने मॅग्नेशियमच्या सलाईनची मागणी केली. डॉक्टर नाही म्हणाले. मुलाला वाटले, आपण गरीब म्हणून चांगले औषध राखून ठेवतात. त्याने भांडून वडिलांना घरी आणले. गोळ्यांचे पाकीट कोनाड्यात पडून राहिले. नवव्या दिवशी सकाळी म्हाताऱ्यांचा उजवा हात पडला आणि वाचा गेली. मी भेटायला गेलो, तेव्हा मुलगा रडला नाही की रागावलाही नाही. एवढेच म्हणाला, "काका, तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मी वैद्यक शिकलेलो नाही. म्हणून एका ख्रिस्ती डॉक्टर स्नेह्याकडे जाऊन बसलो आणि माझे नेमके कोठे चुकले ते समजावून घेतले. त्याने जे सांगितले व वाचायला दिले ते माझ्या शब्दांत देतो.

हृदयाचे वरचे दोन कप्पे नेहमी एका तालात आकुंचन पावतात. या विकारात त्यांचा ताल सुटतो आणि ते नुसते थरथरत राहतात, मिनिटाला तीनशेहून अधिक वेळा. वरच्या व खालच्या कप्प्यांमध्ये एक दरवाजा आहे म्हणा. तो त्यातले काही ठोके खाली सोडतो, काही अडवतो. म्हणून नाडी जलद आणि अनियमित लागते. मॅग्नेशियम हा क्षार त्या दरवाज्याला जरा आवरतो, ठोके कमी सोडू लागतो. हेच मॅग्नेशियम सल्फेट पूर्वी आपल्या घरोघर जुलाबासाठी पाण्यातून घेत असत. स्वस्त वस्तू आहे. पण ते शरीरातून मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे अधू असतील तर रक्तात साचते, स्नायू ढिले पडतात आणि श्वाससुद्धा थांबू शकतो. म्हाताऱ्यांना ते नाकारणाऱ्या डॉक्टरांनी त्यांचे रक्षणच केले होते. शिवाय थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून त्याची गाठ होते व ती मेंदूकडे जाऊ शकते. या विकारात अर्धांगवायूचा धोका सुमारे पाचपट असतो. तो मॅग्नेशियमने टळत नाही. तो टाळायला ती कोनाड्यातली गोळी होती.

मग मी विचारले, "पण अक्का तर त्या बाटलीनेच बऱ्या झाल्या ना?"

स्नेही हसला. म्हणाला, "झाल्या असतील. पण नेदरलँड्समध्ये अशा नव्याने सुरू झालेल्या धडधडीचे रुग्ण घेऊन एक तपासणी झाली, २०१९ साली ती छापून आली. काहींचा ताल लगेच उपचाराने सरळ केला; काहींना फक्त ठोके मंद करणारे औषध देऊन वाट पाहिली. वाट पाहिलेल्यांत शंभरातल्या एकोणसत्तर जणांचे हृदय अठ्ठेचाळीस तासांत आपोआप तालावर आले."

शंभरात एकोणसत्तर! म्हणजे अक्कांना त्या रात्री बाटलीऐवजी नुसते साखरपाणी लावले असते, तरीही मी रविवारी उभा राहून साखरपाण्याची साक्ष दिली असती. आणि तितक्याच खात्रीने.

येथे योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध मनुष्याची मला आठवण झाली (योहान ९). परूशी त्याला खोदखोदून विचारतात. त्याला बरे करणाऱ्याविषयी नाना गोष्टी त्याच्या तोंडून वदवून घेऊ पाहतात. तो मनुष्य काय करतो? जे त्याला माहीत नाही ते माहीत नाही म्हणतो, आणि जे माहीत आहे ते कोणी धमकावले तरी सोडत नाही: पूर्वी दिसत नव्हते, आता दिसते. मी हा अध्याय कितीदा शिकवला असेन. पण आपल्या साक्षीला कुंपण घालणे हाही त्या मनुष्याच्या विश्वासाचा भाग होता, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. नववी आज्ञा आपण मुलांना शिकवतो ती शेजाऱ्याविरुद्ध खोटे बोलू नये म्हणून. शेजाऱ्याच्या भल्यासाठी म्हणून, आपल्याला जितके ठाऊक आहे त्याहून अधिक बोलणे, हे त्या आज्ञेत येते की नाही? त्या अंथरुणाला खिळलेल्या बंधूंकडे पाहिल्यापासून मला वाटते, येते.

आणखी एक गोष्ट. साक्षीच्या वेळी उभे राहतात ते बरे झालेलेच. जो बरा झाला नाही त्याची विधवा मागच्या बाकावर गप्प बसलेली असते. ती काय सांगणार? म्हणून एखाद्या औषधाविषयी मंडळीत जितक्या साक्षी ऐकू येतात त्या सर्व एकाच बाजूच्या असतात. शलमोनाच्या नीतिसूत्रांत (१८:१७) एक मोठे व्यवहारी वचन आहे. वादात आधी बोलणाऱ्याचे म्हणणे खरे वाटते, पण दुसरा पुढे येऊन त्याची तपासणी करीपर्यंतच, असा त्याचा भावार्थ. औषधाच्या बाबतीत हा 'दुसरा' कोण? ज्याला ते औषध मिळाले नाही तो.

आणि इथेच खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. औषध मिळाले नाही असे लोक आणायचे कोठून? त्यासाठी कोणाला तरी ते मुद्दाम न देता ठेवावे लागते. आजचे डॉक्टर तसे करतात. दोनशे रुग्ण असले तर चिठ्ठ्या टाकल्यासारखे करून त्यांचे दोन गट पाडतात. शंभरांना नेहमीच्या उपचारासोबत औषधाची बाटली, शंभरांना नेहमीच्या उपचारासोबत दिसायला अगदी तशीच पण औषध नसलेली बाटली. कोणाला कोणती, हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि डॉक्टरलाही नसते. शेवटी कागद उघडून पाहतात.

ही गोष्ट मी आमच्या शब्बाथशाळेच्या जुन्या गुरुजींना सांगितली, तेव्हा ते अस्वस्थ झाले. म्हणाले, "अहो, चांगल्या शोमरोन्याने जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्याआधी चिठ्ठी नाही टाकली. रस्त्यात पडलेल्या माणसाची परीक्षा कसली पाहता?"

गुरुजींचा आक्षेप हलका नाही. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. शोमरोन्याला तेल व द्राक्षारस यांचा गुण माहीत होता. त्या काळी सर्वांनाच माहीत होता. जेथे गुण खरोखर माहीत आहे तेथे चिठ्ठी टाकणे हे पापच आहे, यात मला शंका नाही. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारे चारशे गरीब काळ्या पुरुषांचा गुप्तरोग नुसता पाहत बसले. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे त्यावरचे औषध म्हणून रूढ झाले, तरीही त्यांना ते दिले नाही आणि खरे काय ते सांगितलेही नाही. तो याजक आणि तो लेवी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून गेले. या लोकांनी तर जवळ बसून चाळीस वर्षे टिपणे काढली!

परंतु जेथे गुण माहीतच नाही, तेथे? तेथे आपण दयेने जे ओततो ते तेलच आहे हे कशावरून? हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे ठोके मधून मधून चुकतात, आणि ज्यांचे अधिक चुकतात ते अधिक दगावतात, हे डॉक्टरांना दिसत होते. मग चुकणारे ठोके दाबून टाकणारी औषधे निघाली. ती दिली की ई.सी.जी.ची रेघ सुरेख सरळ होई. अमेरिकेत अनेक डॉक्टर ती मोठ्या विश्वासाने देत होते. रुग्णाला ती न देणे त्यांना निर्दयपणा वाटे. शेवटी काहींनी धीर करून चिठ्ठ्या टाकल्या. दोन औषधे मिळून ७५५ जणांना खरी गोळी, ७४३ जणांना नुसती दिखाऊ. १९८९ साली ती तपासणी मध्येच थांबवावी लागली. का? दिखाऊ गोळीवाल्यांत २६ मृत्यू, आणि खऱ्या गोळीवाल्यांत ६३. रेघ सरळ होत होती आणि माणूस मरत होता. जोवर तुलना नव्हती तोवर प्रत्येक मृत्यूला 'दुखणेच तसे होते' असे म्हणता येत होते, आणि प्रत्येक जिवंत रुग्ण औषधाची साक्ष देत होता. ज्यांच्यावर 'अन्याय' झाला असे गुरुजींना वाटेल, ती दिखाऊ गोळीवाली माणसेच घरी गेली.

मी हे गुरुजींना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग दानीएलाचंही असंच की!"

खरेच. दानीएलाच्या पहिल्या अध्यायाकडे आपण मुलांना निग्रह शिकवण्यासाठी जातो. पण तो धडा नीट वाचा. राजाच्या पक्वान्नांऐवजी शाकान्न व पाणी घेऊन आपण अशक्त होणार नाही, याची दानीएलाला खात्री होती. तरी तो कारभाऱ्यापुढे नुसती साक्ष देत नाही. तो दहा दिवसांची मुदत ठरवतो, आपल्या चौघांच्या शेजारी राजाचे अन्न खाणारे तरुण उभे करायला सांगतो, आणि निवाडा त्या परधर्मी कारभाऱ्याच्या डोळ्यांवर सोडतो. मुदत आधी ठरलेली, तुलना ठरलेली, आणि पाहणारा आपल्या बाजूचा नाही. विश्वास असला म्हणजे पारख नको, असे दानीएलाला वाटले नाही. पौलही थेस्सलनीकाच्या मंडळीला (१ थेस्स. ५:२१) पारख करूनच चांगले धरून ठेवायला सांगतो.

मॅग्नेशियमचीही पारख झाली आहे, आणि तिचा इतिहास गर्व उतरवणारा आहे. हृदयविकाराच्या झटक्यात ते दिल्याने माणसे वाचतात की काय, हे इंग्लंडात लेस्टर येथे २,३१६ रुग्णांवर पाहिले गेले. १९९२ साली निकाल आला: औषध न मिळालेल्यांत शंभरात दहाहून थोडे अधिक दगावले, मिळालेल्यांत आठाहून थोडे कमी. सर्वांना आनंद झाला. तीनच वर्षांनी, १९९५ साली, अनेक देशांतील ५८,०५० रुग्णांची तपासणी पुरी झाली. तीत काहीच फायदा दिसला नाही. म्हणजे एका माणसाची साक्ष तर सोडाच, दोन हजारांची नीट केलेली तपासणीही चकवू शकते!

धडधडीच्या विकारातला निकाल मात्र बराच आशादायक आहे. ऑस्ट्रेलियात १९९ रुग्णांची तपासणी २००५ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या औषधासोबत मॅग्नेशियम मिळालेल्यांपैकी शंभरात ६५ जणांचे ठोके शंभराच्या खाली आले. न मिळालेल्यांपैकी ३४ जणांचे. पुढे ट्युनिशियातील तीन रुग्णालयांत ४५० जणांचे तीन गट केले. एकाला साडेचार ग्रॅम, एकाला नऊ ग्रॅम, एकाला काहीच नाही. नेहमीचे औषध मात्र सर्वांनाच. तो निकाल २०१९ सालचा. चार तासांनी ठोके हवे तसे उतरले ते अनुक्रमे शंभरात ६४, सुमारे ६० आणि ४४ जणांचे. दुप्पट औषधाने दुप्पट गुण आला नाही. अंगाची आग होण्यासारखा त्रास मात्र वाढला. शेवटच्या आकड्याकडेही जरा पाहावे. काहीच अधिक न मिळालेल्यांतही चव्वेचाळीस!

तेव्हा माझी साक्ष अर्धी खरी निघाली असे म्हणू. ज्याची मूत्रपिंडे धड आहेत त्याला, इतर औषधांच्या जोडीला, ठोके आवरण्यासाठी हा क्षार उपयोगी पडतो. पण त्याने अर्धांगवायू टळत नाही आणि तो सर्वांसाठी नाही. हा उरलेला अर्धा भाग मी सांगितला नव्हता, कारण मला तो माहीत नव्हता. आणि माहीत नाही हेही मला माहीत नव्हते.

या क्षाराने आपल्याकडच्या मायबहिणींवर केलेले उपकार कमी नाहीत, तेही सांगायला हवे. गरोदरपणी रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांवर ते विसाव्या शतकाच्या आरंभापासून दिले जात होते. अमेरिकेतले डॉक्टर त्याची साक्ष देत आणि इंग्लंडातले डॉक्टर दुसऱ्या औषधांची. दोन्हीकडे विद्वान, दोन्हीकडे अनुभव, आणि दोन्हीकडे बऱ्या झालेल्या बाया. हा वाद कितीतरी वर्षे चालला आणि तोवर कोठे तरी चुकीचे औषध दिले जातच होते. १९९५ साली भारतासह अनेक देशांतील १,६८७ स्त्रियांच्या तपासणीने तो मिटवला. पुन्हा झटका येण्याचे प्रमाण मॅग्नेशियमने एका औषधापेक्षा निम्म्याने, तर दुसऱ्यापेक्षा दोनतृतीयांशाने कमी झाले. पुढे आपल्या बायकांचे वजन कमी, त्यांना मात्राही कमी पुरेल काय, याचा विचार आपल्या जवळच्या सोलापुरात डॉ. सुमन सरदेसाई यांनी केला व २००३ साली तो अनुभव प्रसिद्ध केला. बैतूल जिल्ह्यातील पाढर येथील मिशन रुग्णालयानेही कमी मात्रेची आपली पद्धत २००९ साली जगापुढे ठेवली. मंडळीच्या दवाखान्याने प्रार्थना करावी आणि टिपणेही ठेवावीत, हे मला फार आवडले.

आता उरला तो आमच्या भागातला सर्वांत अवघड प्रश्न: संमतीचा. दानीएल स्वतः बोलला होता. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी हो म्हटले नव्हते. आपल्याकडे काय होते? आमच्या सीमेवरच्या जिल्ह्यात कागद येतो कन्नडात नाही तर इंग्रजीत. घरात बोलणे मराठीत. आणि ज्या आजीच्या हाताला सुई लागायची तिला अक्षरओळखच नसते. मुलगा म्हणतो, "आई, इथं अंगठा लाव." आई अंगठा लावते. याला संमती म्हणावे काय? नियम चांगले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शनात आणि सरकारच्या २०१९ च्या नियमांत, रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगूनच संमती घ्यावी असे आहे. पण नियम आणि अंगठा यांच्यामध्ये पुष्कळ अंतर असते. आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात २००९ साली शाळकरी मुलींना एक लस देण्याचा प्रकल्प झाला. २०१० साली तो थांबवावा लागला. चौकशीत निघाले की आदिवासी मुलींच्या कितीतरी संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. लस वाईट होती असे यातून ठरत नाही. पण त्या मुलींच्या आईबापांना कोणी विचारले नव्हते.

म्हणून मला वाटते, चिठ्ठी टाकणे पाप नाही. पण चिठ्ठीत ज्याचे नाव आहे त्याला न सांगणे हे पाप आहे. आणि सांगणे म्हणजे "हे नवीन चांगले औषध आहे" असे नव्हे, तर "आजी, याने गुण येतो की नाही हे आम्हांला अजून ठाऊक नाही, तुम्ही नाही म्हणालात तरी तुमची काळजी तितकीच घेऊ," असे. डॉक्टरला हे वाक्य जड जाते. पांढऱ्या झग्यातल्या माणसाने 'ठाऊक नाही' म्हणावे, हे आपल्यालाच आवडत नाही. आम्हा उपदेशकांनाही ते कोठे सोपे जाते!

त्या रात्रीचे "देऊन पाहू" मी पुष्कळदा आठवतो. ते डॉक्टर चांगले होते. त्यांनी जे केले त्याला आज आधारही आहे. पण "देऊन पाहू" म्हणजेही एक तपासणीच. फरक एवढाच की तिच्यात तुलना नाही, टिपण नाही, आणि ती तपासणी आहे हे कोणाला सांगितलेलेही नसते. मार्काने (५:२६) सांगितलेल्या त्या बाईवर बारा वर्षांत कितीक वैद्यांनी असेच देऊन पाहिले असेल. तिचे सर्व धन गेले आणि दुखणे वाढले. त्यातल्या एकानेही आपण काय दिले व काय झाले ते लिहून ठेवले नसावे.

कोणी विचारील, मग प्रार्थनेचे काय? तुम्ही व्हरांड्यात गुडघे टेकले होते ते विसरलात काय? विसरलो नाही. देवाने अक्कांना पुन्हा आमच्यात आणले याबद्दल माझ्या मनात तिळभर किंतु नाही. शंभरातले एकोणसत्तर आपोआप बरे होतात, असे डॉक्टर म्हणतात. ते 'आपोआप' कोणाच्या हातचे आहे, हे मी त्यांना विचारणार नाही आणि ते मला सांगूही शकणार नाहीत. पण देवाचे उपकार मानणे निराळे, आणि कोणत्या बाटलीतून ते आले हे देवाच्या वतीने जाहीर करणे निराळे. पहिल्याचा अधिकार प्रत्येक लेकराला आहे. दुसरा मी त्या रविवारी उगाच हाती घेतला.

मी त्या बंधूंच्या मुलाची क्षमा मागितली. त्याने 'असू द्या काका' म्हटले. गोळी आता चुकत नाही. कोनाड्यातून काढून ती त्याने देवघरासारखी उंच फळीवर, पवित्र शास्त्राशेजारी ठेवली आहे. म्हाताऱ्यांना थोडे थोडे बोलता येऊ लागले आहे. मी गेलो की ते डाव्या हाताने बसण्याची खूण करतात.

नंतरच्या साक्षीच्या रविवारी मी पुन्हा उभा राहिलो व पूर्वीचे वाक्य मागे घेतले. का मागे घेतले तेही सांगितले. काहींना ते आवडले नाही. पाळकसाहेबांना एकाने विचारले म्हणे की, उपदेशकांचा विश्वास ढळला काय.

गेल्या महिन्यात अक्कांना पुन्हा धडधड झाली. या वेळी बाटली लावावीच लागली नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी त्या रोज घेतात, ठोके मंद करणारी घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाडी तालावर आली. घरी आल्यावर त्यांच्या नातीने मला विचारले, "अण्णा, आता रविवारी साक्ष काय द्यायची?"

मी म्हटले, "आजीला धडधड झाली होती, आता नाही. एवढं सांग."

"आणि कशानं बरी झाली, ते?"

"डॉक्टरांना विचारू," मी म्हटले. "त्यांना ठाऊक असेल तर."